उभा आला, उभा दिला

"पायाकडे बघू नकोस, यागोश. क्रुसाकडे बघ. पायांना वाट ठाऊक असते."

वुकोता आजोबांचा तो आवाज. खर्जातला, तंबाखूनं खरखरीत झालेला, पण आतून उबदार, जसा थंडीत शेकोटीपाशी बसलेल्या माणसाचा असतो. त्रेचाळीस वर्षं झाली त्या आवाजाला. तरी दर वर्षी त्रोयित्सेचा, म्हणजे पवित्र त्रैक्याचा, सण आठवड्यावर आला की यागोश शेळ्यांना पाला टाकत असो की ऑलिव्हच्या झाडाखाली दगड वेचत असो, मागून कुणीतरी बोलल्यासारखा तो कानात उमटायचा आणि यागोश वळून बघायचा. मागे कुणी नसायचं. समुद्राकडून आलेला वारा असायचा, झाडांची चंदेरी पानं उलटीसुलटी करणारा.

त्या वर्षी यागोश चोवीस वर्षांचा होता. सणाच्या पहाटे डोंगरावर मिरवत न्यायचा घरातला क्रूस पहिल्यांदाच त्याच्या हातात आला होता. आजोबांनी सांगितलं तसंच त्यानं केलं. पायाकडे पाहिलं नाही. आणि तिथंच घात झाला.

आता तो सदुसष्ट वर्षांचा होता. डावा गुडघा चढावर कुरकुरायचा, उतारावर तर भांडायलाच उठायचा. म्हणून घरात ठरलं होतं की या वर्षी डोंगरमाथ्यावर तो क्रूस पुतण्याच्या, ब्लाझोच्या हाती सोपवायचा. सगळ्यांना ते पटलं होतं. फक्त यागोशची झोप उडाली होती, आणि गुडघ्याचा त्यात काहीच हात नव्हता.

सणाच्या आदल्या दुपारी त्याची बायको इकोनिया चुलीशी बसून प्रिगानित्से तळत होती. कढईत पिठाचे गोळे टम्म फुगत होते, वर येत होते, लाजल्यासारखे एका अंगावर वळत होते. ब्लाझो दारात उभा राहून हातातला लाटण्याएवढा दांडा छातीशी धरून पाठांतर करत होता. एरवी तो बार शहरापासून उल्त्सिनपर्यंत बस चालवायचा आणि प्रवाशांवर खेकसायचा. आज शाळेत कविता म्हणायला उभ्या केलेल्या पोरासारखा दिसत होता.

"काकू, ऐक हं. काका म्हणणार, 'उभा आला, उभा राहिला, उभा देतो.' मग मी म्हणणार, 'उभा घेतो.' बस्स? एवढंच?"

"एवढंच. तुला काय, भाषण हवंय?"

"नाही गं. एवढ्याला घाम फुटलाय, भाषण असतं तर मी बसच घेऊन पळालो असतो."

इकोनिया खळखळून हसली. "बायकोला होकार देताना यापेक्षा कमी बोलला होतास. तेव्हाही घाम फुटलाच होता. काय रे यागोश? तू काय बोललास तुझ्या वेळी आजोबांना?"

यागोश खिडकीपाशी बसून बुटाची नाडी ओवत होता. गेला पाऊण तास एकच नाडी.

"तेच," तो म्हणाला. "उभा घेतो म्हणालो."

"आणि घेतलास. त्रेचाळीस वर्षं उभा ठेवलास." तिनं बोट दाखवावं तसा झारा त्याच्याकडे रोखला. "उद्या ती तीन वाक्यं बोल आणि मोकळा हो. मग दोघं मिळून खाली बसून राहू म्हाताऱ्यांसारखे, आणि वर चढणाऱ्यांना नावं ठेवू."

यागोश हसला. हसावंच लागलं. पण ती तीन वाक्यं तो मनात एकेक करून तपासत होता. उभा आला, हे खरं. उभा देतो, हेही खरं करता येईल. मधलं जे होतं, ते खोटं होतं.

आणि या क्रुसावर हात ठेवून खोटं बोलायचं म्हणजे काय, हे या डोंगराखालच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. संत व्लादिमिर राजा खोट्या शपथेनंच तर मेला. हजार वर्षांपूर्वीची गोष्ट, पण बायका ती अशी गात की कालच शेजारच्या घरात घडली असावी. वैऱ्यानं राजाला भेटीला बोलावलं आणि अभयाची खूण म्हणून सोन्याचा क्रूस पाठवला. राजा म्हणाला, माझा देव लाकडावर मेला, सोन्यावर नाही, लाकडाचा पाठवा. मग लाकडाचा आला, त्यावर शपथ घेतलेली. राजा त्या शपथेला भुलून गेला आणि चर्चच्या दारातच त्याचं मस्तक उतरवलं. तोच लाकडी क्रूस मरताना त्याच्या हातात होता, आणि तोच, असं सगळे मानत, या घरातल्या अक्रोडाच्या पेटीत होता.

इकोनिया कढई उतरवता उतरवता तेच गुणगुणत होती:

सोन्याचा धाडिला क्रूस
राजा त्याला ना भुलला
लाकडाचा मग आला
विश्वासला

"दुसरं काही गा की," यागोश म्हणाला.

"का? कान दुखतात?"

"तसं नाही."

"मग तसंच गाते."

संध्याकाळी रिझो आला. खांद्यावर नेहमीची तेलाची बुधली, हातात टोपी. रिझोचं घर खालच्या वस्तीत, मशिदीच्या मागं. पण त्याला या घराचं दार वाजवायची सवय लहानपणापासूनच नव्हती. रिझोच्या घराण्याकडे पाठीचा मान होता. म्हणजे मिरवणुकीत क्रुसाच्या पुढं कुणीच चालायचं नाही, पाद्रीही नाही, पण क्रुसाच्या लगेच मागं चालायचं ते रिझोच्या घरच्या माणसानं. का, कधीपासून, ते कुणाला सांगता येत नव्हतं. पणजोबाच्या आधीपासून, एवढंच. रमजान आला, लग्न आलं, तरी त्रोयित्सेच्या पहाटे रिझोच्या घरचा एक माणूस मागं हजर.

"घे," त्यानं बुधली इकोनियापुढं ठेवली. "नवं नाही, पण चांगलं आहे. आणि हे थोडं वेगळं. वुकोता आजोबांच्या दिव्यासाठी."

"दर वर्षी आणतोस," इकोनिया म्हणाली. "आमच्या घरचे विसरतात, तू विसरत नाहीस. सख्खा नातू लाजेल."

रिझो टोपीची कड चाचपत राहिला. तो बोलणारा माणूस होता, बाजारात बकऱ्याचा भाव पाडायचा तर तास तासभर बोलायचा. पण आजोबांच्या दिव्याचा विषय निघाला की त्याची जीभ जड व्हायची.

यागोशनं त्याच्याकडे पाहिलं. जगात एकच माणूस होता ज्यानं ते पाहिलं होतं. यागोशला वाटायचं, रिझो माझं गुपित पोटात घालून बसलाय. त्रेचाळीस वर्षं एका शब्दानं बोलला नाही. असा मानलेला भाऊ कुणाला मिळतो? आणि त्याच्या या मोठेपणानं यागोश आणखीच खाली दबायचा.

त्या पहिल्या वर्षी धुकं होतं. 'शेळीचा गुडघा' म्हणतात त्या वळणावर वाट अरुंद होते, एका अंगाला कडा, एका अंगाला झुडपं. मागची माणसं धुक्यात मागं राहिली होती, गाणं तेवढं लांबून येत होतं. यागोश क्रुसाकडे बघत चालला होता. आणि अचानक टाच अडकली, बूट निसटला, गुडघा खाली आला आणि क्रुसाच्या दांड्याचं टोक दगडावर आपटलं. टक्. एवढाच आवाज. मागून रिझोनं काखेत हात घालून त्याला उचललं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि दोघंही चालू लागले.

क्रूस वाहणारा पडला तर वर्षाच्या आत त्याच्या घरातला माणूस जातो, असं म्हणत. ते कुणी घडलेलं पाहिलं नव्हतं, कारण कुणी पडलंच नव्हतं. जानेवारीत वुकोता आजोबा गेले. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. रात्री तीन वाट्या कोबीचं सूप प्यायले, पेल्यातली ब्रँडी संपवली, 'आज कोबी बरा शिजलाय' म्हणाले आणि झोपेतच गेले. सगळा गाव म्हणाला, असं मरण देव लाडक्यांना देतो. एकटा यागोश अंत्ययात्रेत मान खाली घालून चालला. त्याच्या डोक्यात एकच आवाज होता. टक्.

पहाटे, अजून तारे असताना, माणसं अंगणात जमली. पेटी उघडली. क्रूस बाहेर आला तेव्हा सगळे गप्प झाले. गाढवंसुद्धा, असं ब्लाझो पुढं शपथेवर सांगायचा, पण ब्लाझोचं सगळंच खरं मानायची पद्धत नव्हती. पलीकडच्या दरीतले कॅथलिक आले होते, खालच्या वस्तीतले मुसलमान आले होते, आपापल्या भाकऱ्या आणि आपापल्या प्रार्थना घेऊन. यागोशनं क्रूस उचलला. रुमियाचा डोंगर काळ्या गाईसारखा समोर बसला होता, पाठ आभाळाला लावून.

चालणं सुरू झालं. यागोश पुढं, मागं रिझो, मागं पाद्री, मागं सगळे. बायका गात होत्या. एक ओळ एकीनं उचलायची, दुसरीनं पुढं न्यायची, जशी घागर हातोहात वर जाते.

कोसारा धुते गं पाय
बंदीवान राजा पाहे
साखळीत कोण आहे
कळेना गं

राजा पूर्वी एकदा कैदेत पडला होता तेव्हाचं ते गाणं. जिंकणाऱ्याची लेक कोसारा कैद्यांचे पाय धुवायला अंधारकोठडीत आली आणि राजाला पाहून तिथंच त्याच्यावर जीव लावून बसली. इकोनियाचा आवाज त्यात वेगळा कळायचा, किंचित फाटका, पण सगळ्यांत शेवटपर्यंत टिकणारा. यागोशला त्या आवाजावर चालायची सवय होती.

"रिझो!" मागून कुणीतरी ओरडलं. "जवळ जा की! क्रूस चावतो काय तुला?"

माणसं हसली. ही थट्टा दर वर्षीची होती. रिझोचे वडील क्रुसाच्या इतके जवळ चालत की त्यांचा श्वास वाहणाऱ्याच्या मानेला लागे. रिझो मात्र पुरी पाच पावलं मागं. वाट कितीही अरुंद होवो, धुकं असो, पाच म्हणजे पाच.

"मला डोंगर बघायला आवडतो," रिझो नेहमीसारखा म्हणाला. "यागोशची पाठ काय, वर्षभर बघतोच."

शेळीच्या गुडघ्यापाशी यागोशचा वेग आपोआप कमी झाला. आज धुकं नव्हतं. पूर्वेला कोंबड्याच्या तुऱ्याएवढी लाली होती. तो दगड तिथंच होता. यागोशनं त्याच्याकडे पाहिलं नाही आणि तरी तो दिसला. त्याला वाटलं, आता ब्लाझोला हे मी कसं देऊ? बोललो नाही तर खोटी शपथ, राजाला मारणाऱ्यासारखी. बोललो तर गाव म्हणेल, या घरानं क्रूस पाडला, लपवला. आणि ब्लाझो? तो आयुष्यभर भीत भीत चालेल, जसा मी चाललो. किंवा घ्यायलाच नको म्हणेल.

गुडघा कुरकुरला. त्यानं पाऊल टाकलं. मग आणखी एक.

माथ्याखालच्या उतारावर सगळ्यांनी आपापला दगड उचलला. ही रीत पोरंसुद्धा चुकवत नाहीत. पूर्वी वर चर्च होतं ते पडलं. पुरेसे दगड गेले की ते आपोआप पुन्हा उभं राहील, अशी समजूत. कुणी मुठीएवढा घेतला, ब्लाझोनं उत्साहात कलिंगडाएवढा घेतला आणि दहा पावलांवर पस्तावला.

"टाक तो, दुसरा घे," इकोनिया म्हणाली.

"उचललेला टाकतात का काकू?"

"नाही टाकत. म्हणून तर आधी विचार करून उचलायचा. चल आता."

आणि मग माथा. सूर्य अजून वर आला नव्हता पण उजेड सगळीकडे पसरला होता, दुधासारखा. एका अंगाला समुद्र, एका अंगाला स्कादरचं सरोवर, आणि दोघांच्या मध्ये माणसं, धापा टाकत, घाम पुसत, एकमेकांना पाणी देत. दगडांच्या राशीत दगड पडल्याचे आवाज. मग किरण आला. आधी क्रुसाच्या टोकाला, मग यागोशच्या हातांवर.

पाद्रीनं प्रार्थना केली. मग म्हणाला, "यागोश."

माणसं गोल झाली. ब्लाझो पुढं आला, हात पँटला पुसून. त्याचे ओठ हलत होते, तो अजूनही पाठ करत होता.

"उभा आला," यागोश म्हणाला. आवाज चांगला निघाला. मग थांबला.

वारा होता. कुणाचं तरी तान्हं रडलं आणि गप्प झालं. इकोनियानं नवऱ्याकडे पाहिलं, आणि तिच्या लक्षात आलं की ती नाडी पाऊण तास का ओवली जात होती.

"उभा राहिला नाही," यागोश म्हणाला. "पहिल्या वर्षी शेळीच्या गुडघ्याशी मी पडलो. दांडा दगडाला टेकला. जानेवारीत आजोबा गेले. मी कुणाला सांगितलं नाही. या क्रुसावर खोटं बोलणार नाही, म्हणून आज सांगतो. आता घ्यायचा की नाही ते तू ठरव, ब्लाझो."

ब्लाझोनं पाद्रीकडे पाहिलं, पाद्रीनं आभाळाकडे. शेवटी ब्लाझोनं डोकं खाजवलं.

"काका, पडल्यावर तू काय केलंस?"

"काय करणार? उठलो."

"आणि वर आणलास?"

"आणला."

"मग झालं की. बस बंद पडली तर आम्हीही ती तिथंच सोडून येत नाही." कुणीतरी हसलं, मग आणखी कुणी. पण ब्लाझो हसत नव्हता. त्याचे डोळे भरले होते. "आणि वुकोता आजोबा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते, काका. माझा बाप सांगायचा, त्या रात्री ते तीन वाट्या सूप प्यायले."

"त्यांना मी चौथी देणार होते," इकोनिया म्हणाली. तिनं डोक्यावरच्या रुमालाला डोळे पुसले आणि ताबडतोब रागावली. "त्रेचाळीस वर्षं! माझ्या शेजारी झोपतोस आणि त्रेचाळीस वर्षं पोटात दगड! सगळे दगड वर आणतात, तू आपला घरी ठेवलास होय रे?"

"आता आणला," यागोश म्हणाला.

पाद्री खाकरला. "शब्द पुरे करा."

यागोशनं क्रूस सरळ धरला. "उभा आला. टेकला, उचलला. उभा देतो."

"उभा घेतो," ब्लाझो म्हणाला, आणि त्याचे हात लाकडाभोवती बसले. यागोशनं हात काढून घेतले तेव्हा त्याला वाटलं, आपण वाऱ्यानं उडून जाऊ. त्यानं धरायला काहीतरी शोधलं आणि इकोनियाचा खांदा सापडला.

मग जेवणं. भाकरी, मेंढीचं चीज, मध, गार झालेले प्रिगानित्से. माणसं उन्हात पसरली. ब्लाझो क्रूस धरून एका दगडाला टेकून बसला होता आणि कुणालाही हात लावू देत नव्हता. यागोशनं तीन प्रिगानित्से एकामागून एक खाल्ले, मधानं बोटं बरबटली, आणि त्याला आठवेना की या डोंगरावर त्यानं याआधी कधी अन्नाची चव घेतली होती.

रिझो मात्र थोडा लांब बसला होता. टोपी मांडीवर. समोरचं खाणं तसंच.

"रिझो, खा की," इकोनियानं हाक मारली. "डुकराची चरबी नाही त्यात, तुझ्याच तेलात तळलेत."

"खातो."

यागोश उठला, गुडघ्याला शिव्या घालत त्याच्याकडे गेला आणि शेजारी बसला. "तू गप्प राहिलास इतकी वर्षं," तो हळू म्हणाला. "माझ्यासाठी. मी कधी आभारही मानले नाहीत."

रिझोनं टोपी उलटी केली. सुलटी केली. खाली सरोवरावर एक होडी चालली होती, टाचणीएवढी.

"यागोश, ते बूट आठवतात तुला? तपकिरी. त्या वर्षी सणानंतर मी बारच्या बाजारातून आणून दिले होते."

"न आठवायला काय झालं? दहा वर्षं घातले. का दिलेस ते मात्र आजवर कळलं नाही."

"तुझ्या जुन्या बुटाची टाच फाटली होती म्हणून."

"खरंच फाटली होती. पण तुला कसं ठाऊक?"

मागं बायकांनी पुन्हा गाणं उचललं होतं. इकोनियाचा आवाज त्यात वेगळा कळत होता. रिझोनं यागोशकडे पाहिलं.

"धुकं होतं. क्रूस दिसेना. मला वाटलं, मागं पडलो, मान गेला घराण्याचा, म्हणून धावलो. तू अडखळला नव्हतास रे. तुझ्या टाचेवर पाय माझा पडला होता."